बिनखांबाच्या छतातला नारळ

खांब न्हाई म्हणजे एकसुद्धा न्हाई! हरिबा गवंड्यानं नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, पण खांब काही सापडेना.

"सायब, छत कशावर ठेवायचं?"

"आपल्याच पायावर," इंजिनियर इमदाद अली म्हणाला. विलायतेत शिकून आलेला हैदराबादेचा हा तरणा माणूस. नांदूरघाटाबाहेरच्या माळावर मिशनचं मोठं चर्च बांधायला निजामाच्या राजधानीतून इथवर आला होता. त्याच्या चर्चला कळस न्हाई, नक्षी न्हाई, बाजूच्या भिंतीसुद्धा न्हाईत. गाव म्हणालं, मग राहिलं काय बे? राहिली ती कमान. या अंगाला जमिनीतून निघायची, तीस हात उंच जायची आणि त्या अंगाला परत जमिनीतच उतरायची. अशा कमानी एकमेकींना खेटून लावल्या की झालं चर्च. छकड्याचा टप काढून माळावर ठेवावा तसं. मधे उभ्या चिंचोळ्या फटी, त्यांत रंगीत काचा. आणि छताची जाडी किती? सहा बोटं!

"आमच्या गव्हाणीची भिंतबी हातभर जाड असती," हरिबा म्हणाला.

"वजन जाडीवर नाही, वळणावर तोलतं. अंडं पाहिलंस ना?"

"पाहिलं की. फुटतंय."

इमदाद अली पोट धरून हसला, पण नकाशात तसूभर फरक केला न्हाई. हळूहळू हरिबाच्याही ते डोक्यात उतरलं. सळया कशा वाकवायच्या, शिमिटात पाणी किती, खडी केवढी, सगळं तो असा शिकला की साहेब कामावर नसला तरी काम अडेना. जातीचा धनगर, मेंढरं सोडून थापी धरली म्हणून भावकीनं नावं ठेवलेला. आता साहेबानं त्याला शब्द दिला होता, "हे छत पास झालं की पुढच्या कामाला हैदराबादेला चल. मोठा मिस्त्री म्हणून." हरिबाला दिवसाही हैदराबाद दिसायला लागलं.

आणि इथंच त्यानं माती खाल्ली.

त्याच्या उस्तादाची शिकवण अशी, की कमान मिटताना माथ्यात एक नारळ ठेवायचा. चुन्या-दगडाची हातभर जाड कमान, तिच्यात नारळ कुठं गडप होतो ते कळतसुद्धा न्हाई. छत ओतायच्या दिवशी शेवटचं घमेलं माथ्यावर रिकामं झालं आणि हरिबानं सवयीनं कमरेचा सोललेला छोटा नारळ काढला, दोन सळयांच्या मधे दाबला, वरून थापी फिरवली, हात जोडले. हात आपलं काम करून मोकळे झाले. डोकं मात्र जेवताना जागं झालं. सहा बोटांचं छत, त्यात पाच बोटांचा नारळ! तोवर शिमिट धरलं होतं.

महिन्यानं खालच्या टेकूच्या बल्ल्या काढल्या. छत जिथल्या तिथं. गावानं तोंडात बोटं घातली. हरिबानं सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात साहेब म्हणाला, "आता वर वजन टाकून पाहू. वाळूची पोती मागवली होती, पण गाड्या मिळेनात. मेंढ्या चालतील. वाळू हलत नाही, मेंढ्या हलतात. खरी परीक्षा."

पंचक्रोशीत मेंढरांचं एवढं मोठं खांड एकीचंच, हरिबाच्या थोरल्या बहिणीचं, कडूबाईचं. नवरा गेल्यापासून बाई एकटी दीडशे मेंढरं सांभाळत होती. तिनं आधी साहेबाला चार गोष्टी सुनावल्या, मग भावाकडं वळली.

"हऱ्या, तू बांधलंस ना ह्ये? धड हाय का?"

"हाय की, आक्का," हरिबा म्हणाला. जीभ जरा अडखळली, पण बोलली.

"मग चढवते. तुझ्या नावाचा सवाल हाय."

घमेली वाहायला केलेला मातीचा उतार थेट माथ्यापर्यंत जात होता. पुढं कडूबाई, तिच्या मागं दोन शेळ्या आणि शेळ्यांच्या मागं मेंढरं. सारा गाव खाली. मिशनचे पाद्रीबाबा छत्री घेऊन उभे. हरिबा छताखाली साहेबाजवळ होता. वर खुरांचा आवाज गडगडायला लागला. साहेब उताराकडं पाहत चढणारी मेंढरं मोजत होता, "पन्नास... साठ..." आणि कडूबाईचा आवाज माथ्याकडं सरकत होता, "हिर्र... चल गं बाई, चल!"

हैदराबाद गेलं चुलीत!

"आक्का, थांब!" हरिबा बाहेर धावत सुटला. "पुढं पाऊल टाकू नगस! माथा पोकळ हाय! नारळ घातलाय म्या, नारळ!"

कडूबाई जागच्या जागी थबकली. शेळ्या थांबल्या, मेंढरं एकमेकांवर आदळली. मग वरून असल्या शिव्या सुरू झाल्या की पाद्रीबाबांनी छत्री मिटून दुसरीकडं पाहिलं.

मेंढरं उतरली. साहेब हातोडी घेऊन वर चढला, ठोकत ठोकत गेला. एके ठिकाणी आवाज बदलला. छिन्नी लावली आणि आतून वाळून खडखडणारा नारळ निघाला. तो घेऊन साहेब खाली आला. चेहरा लालबुंद.

पाद्रीबाबांनी मधेच विचारलं, "हरिबा, कोणत्या देवाला वाहिला हा?"

"ज्याचं घर हाय, त्यालाच की," हरिबा म्हणाला. "दुसऱ्याला कसा वाहीन?"

पाद्रीबाबांनी नारळ हातात घेतला आणि जपून धरून ठेवला.

साहेबाचा राग मात्र मावळला नव्हता. "गाढवा, एका नारळानं हे छत पडलं नसतं. वजन भोकाच्या दोन्ही बाजूंनी उतरलं असतं. कडेनं लोखंडी कडं बसवू, वर काच लावू, झालं."

"म्हंजे म्या उगाच बोललो?" हरिबा म्हणाला.

"मला एक सांग. वर वाळूची पोती असती, तर बोलला असतास?"

सारा गाव कान टवकारून उभा. हो म्हणायला काय लागत होतं? हरिबानं बहिणीकडं पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता, आणि पदरात एक कोकरू धरलेलं.

"न्हाई, सायब," तो म्हणाला. "न्हाई बोललो असतो."

साहेबानं त्याच्याकडं रोखून पाहिलं. मग नकाशाची गुंडाळी केली आणि त्याच्या काखेत कोंबली. "सामान बांध. आणि बाई, तुम्हीपण मेंढ्या घेऊन हैदराबादेला चला. याच्या प्रत्येक छतावर आधी त्या चढवायच्या."

"मेंढरं कशाला?" कडूबाईनं पदरानं डोळे पुसले. "म्या एकली चढले तरी हा खरं बोलतो."