दोन्ही फौजांचा दाणा

"मंग दाना कोन पोचवते जी?"

देवसिंगाने हा प्रश्न विचारला तेव्हा कमलाकर पाळकांची काठी भिंतीवरच्या चित्रातल्या पांढऱ्या घोड्यापाशी होती. घाटंजीच्या बाजूच्या त्या लहानशा चर्चमध्ये पाळक तासभर शेवटच्या लढाईविषयी सांगत होते. एकीकडे सैतान आणि पृथ्वीवरचे सारे राजे, दुसरीकडे आकाश उघडून उतरणारा प्रभू आणि त्याच्यामागे शुभ्र वस्त्रांतलं सैन्य. जागेचं नाव हर्मगिदोन. बायकांनी भीतीने पदर तोंडाला लावले होते. आणि हा मिशनच्या बंगल्यावरचा माळी मागच्या चटईवरून उठून विचारत होता, की दाणा कोण पोचवणार!

"कसला दाणा, देवसिंग?"

"लष्कराचा जी. एवढी मोठी फौज, वरून घोडे. आमचा आजा बैलायवर गोणी लादून फौजेच्या मांगं मांगं जाये. पोटात दाना नसन तं तलवारबी उचलत नाही, असा म्हने तो."

हशा पिकला. पाळक माणूस सज्जन. पण त्यांच्या उपदेशात कुणी हसलेलं त्यांना खपत नसे.

"प्रभू आपल्या शब्दाने जिंकणार आहे. तिथे ओझेवाल्यांचं काम नाही. बस खाली."

देवसिंग बसला, पण ते बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं. प्रभूच्या विजयात आपल्या वाट्याला काहीतरी काम यावं, एवढीच त्या माणसाची हाव होती. कर्णा वाजवता येत नव्हता, तलवार जन्मात धरली नव्हती. ओझं वाहणं तेवढं त्याच्या लमाणी रक्तात होतं, आणि नेमकं त्याचंच तिथे काम नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गुलाबांना पाणी घालणाऱ्याने देवाकडेही बिनकामाचं ठरायचं, याचं त्याला खरोखर वाईट वाटलं.

साल बासष्टचं. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, ही आवई फेब्रुवारीच्या आधीच खेडोपाडी पोचली होती. बाजारात कापसाच्या भावाचं कुणी नाव काढेना. नाल्याच्या अलीकडच्या माळावर गावकऱ्यांनी मोठा होम मांडला. तांड्याचा नायक भावसिंग तुपाचा डबा घेऊन त्यात सामील झाला. हा देवसिंगाचा सख्खा धाकटा भाऊ; थोरल्याने बाप्तिस्मा घेतल्यापासून त्याच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारा. पाळकांचा ग्रहांवर विश्वास नव्हता, पण चिन्हांवर होता. सारं जग एकाच वेळी घाबरलं आहे, याहून मोठं चिन्ह कोणतं? मंडळीने नाल्यापलीकडच्या टेकडीवर जाऊन उपास आणि प्रार्थनेत प्रभूची वाट पाहावी, असं त्यांनी ठरवलं.

देवसिंगाने इकडे घरातली वर्षाची ज्वारी बाहेर काढली. त्याची बायको सुखीबाई हिने कपाळावर हात मारून घेतला.

"प्रभू आला तं हे ज्वारी कायले पायजे? आन् नाही आला तं पावसाळ्यात काय माती खासान?"

"आला तं फौजेले लागन. नाही आला तं मानसाईले लागन. लागन तं खरी!"

नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती जात्यावर बसली आणि कण्यांसाठी जाडी भरड काढू लागली.

मंडळी टेकडीकडे निघाली तेव्हा पाळक त्याच्या दारात थांबले. "तू येत नाहीस? अशा वेळी मागे राहतोस?"

"येतो ना जी," देवसिंग गोण शिवता शिवता म्हणाला. "फौज म्होरं जाते, दाना मांगून येते."

पाळकांनी मान हलवली आणि त्याच्यासाठी वेगळी प्रार्थना करायचं मनाशी ठरवलं.

ग्रहांचे ते दिवस सरले. सहा तारखेची सकाळ नेहमीसारखीच उजाडली, आणि हीच मोठी पंचाईत झाली. जग जागच्या जागी होतं. टेकडीवरची मंडळी गारठलेली, उपाशी, एकमेकांची नजर चुकवणारी. माळावरच्या लोकांचे डोळे होमाच्या धुराने चुरचुरत होते; त्यांनीही उपास धरले होते. टेकडीवरून काय नि माळावरून काय, गावाकडे जायला नाल्याच्या पात्रातली एकच वाट. दोन्ही बाजू तिथे समोरासमोर आल्या.

"काहून बे, नाही आला ना तुमचा येशू?"

"तुमचं जग बुडालं काय? तूप मात्र बुडालं!"

खजील माणूस आणि उपाशी माणूस, दोघांचाही भरवसा नसतो. इथे तर दोन्ही एकाच अंगात होते. कुणी कुणाच्या देवाला शिवी दिली. कुणी कुणाला ढकललं. बायकांनी पोरं मागे ओढली. भावसिंगाने लाठी तोलून धरली, आणि टेकडीवरून आलेल्या एका तरण्याने नाल्यातला चांगला दोन मुठींचा गोटा उचलला. पाळक "शांती, शांती" म्हणत होते, पण त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नव्हता. शेवटच्या लढाईला तोंड लागायला आता एका गोट्याचाच अवकाश होता.

तेवढ्यात घुंगरमाळा वाजल्या.

लाल पटका बांधलेला देवसिंग पुढे, पाठीवर भरलेल्या गोणी घेतलेले दोन बैल मागे, आणि शेवटी डोक्यावर हंडा घेतलेली सुखीबाई. घाई नाही, गडबड नाही. तो सरळ दोन्ही बाजूंच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि बैलांच्या पाठी मोकळ्या करू लागला.

"भिया, बाजूले हो," भावसिंग थोरल्यावर ओरडला. "डोस्कं फुटन तुह्यं!"

"फुटन तं फुटन. पयले चूल मांडू दे."

त्याने दोन दगड मांडले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्या तरण्यापुढे हात केला. "आन तो गोटा इकडं. चुलीले एक कमी पडून राह्यला."

पोरगा बावचळला. हातातला गोटा फेकावा की ठेवावा, त्याला कळेना. शेवटी त्याने तो देवसिंगाच्या हातात दिला.

जाळ पेटला, हंड्याला आधण आलं, कण्या रटरटू लागल्या. तो वास सुटल्यावर कसली लढाई आणि कसले ग्रह! लाठ्या जमिनीला टेकल्या. माणसं एकेक करून उकिडवी बसली.

पाळक जवळ येऊन हळूच म्हणाले, "देवसिंग, आधी आपल्या मंडळीला वाढ. ते लोक आपले नाहीत."

"पाळकसाहेब, लमाणाचा बैल कोनी अडवत नव्हतं. कामून, माहीत हाये? तो दोन्ही फौजांले दाना देये."

शास्त्र पाळकांना तोंडपाठ होतं, पण तीन दिवसांच्या उपाशी पोटी त्यातलं एकही वचन या म्हाताऱ्याच्या विरोधात उभं राहीना. ते गुमान खाली बसले आणि पळसाची पानं पुसू लागले.

माळावरचे लोक मात्र पानाला हात लावेनात. बाटलेल्याच्या हातचं खायचं कसं? सारे नायकाकडे पाहत होते. सुखीबाई पळी घेऊन थेट त्याच्यापुढे उभी राहिली.

"भावसिंग, ह्या कण्या मले तुह्या मायनं शिकवल्या. जिनं शिकवल्या तिच्या समजून खाय."

भावसिंगाने लाठी आडवी टाकली आणि मांडी घातली. मग कुणी थांबलं नाही. नाल्याच्या दोन्ही काठांवर माणसं भुरके मारत जेवली. माळावरचा एक म्हातारा म्हणाला, "काल जग बुडालं असतं तं हे कण्या हुकल्या असत्या राजेहो!" आणि दोन्हीकडचे लोक पोट धरून हसले. देवसिंग पळी घेऊन एका काठावरून दुसऱ्या काठावर नुसता पळत होता. त्याच्या अंगात बारा बैलांचं बळ आलं होतं. आजवरच्या सगळ्या लमाणांत आपणच मोठ्या लढाईवर दाणा पोचवला, याबद्दल त्याच्या मनात तीळभर शंका नव्हती.

हंडा खरवडून झाल्यावर सुखीबाईच्या लक्षात आलं, की त्यात वाढणाऱ्यासाठी काहीच उरलेलं नाही. भावसिंगानेही ते पाहिलं. त्याने आपलं अर्धं पान थोरल्यापुढे सरकवलं. देवसिंग त्याच्या शेजारी बसला आणि दोघे एकाच पानावर जेवू लागले.

रात्री घरी गाढ झोपलेले किसनराव दुकानदार एव्हाना सायकलवरून मजा पाहायला आले होते. काठावर एक पाय टेकून त्यांनी विचारलं, "काय रे देवसिंग, झाली का तुमची लढाई?"

"झाली जी."

"मग कोण जिंकलं?"

देवसिंगाच्या तोंडात घास होता. उत्तर कमलाकर पाळकांनी दिलं, हातातली उष्टी पानं तशीच धरून, उभे राहून, साऱ्या नाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात: "प्रभू जिंकला!"

दोन्ही काठांवर कुणी हसलं नाही. वारा सुटला होता. थोरल्याला नीट जेवता यावं म्हणून भावसिंगाने पानाची कड बोटांनी दाबून धरली होती.