अकराव्या महिन्यातला डाग

माझ्या पोरीला मासं मी सोडायला लावलं. आगऱ्याची पोर हाय ती, आन् दोन-अडीच वर्षं तिच्या ताटात ना जवळा, ना बोंबील. दही बंद, चिंच बंद, लिंबू बंद. कोणीतरी बोललं, आंबट आन् मासं खाल्लं की कोड वाढतं, मी तेच धरून बसली. दवाखान्यातली डॉक्टरीण शमीम दोनदा बोलली, "मावशी, खाण्याचा काही संबंध नाही. पोटभर खाऊ दे तिला." मी मनात बोलली, पोर माझी की हिची?

उन्नतीचं लग्न झालं तवा अंग चकचकीत होतं. सहा महिन्यांनी कपाळावर पहिला पांढरा डाग उठला, मग बोटांवर. जावई सागर, धामणकर नाक्याजवळ त्याचे कापड विणायचे बारा लूम, तो तिला लग्नाकार्याला न्यायचा बंद झाला. सासूनं कप वेगळा केला. आम्ही काय न्हाय केलं! अकलोलीच्या गरम कुंडात बसवली. गणेशपुरीकडच्या एका बाबानं बावचीचं तेल दिलं, ते लावून उन्हात बसली तर टरारून फोड आले. मग शमीमकडे आलो. तिनं मलम दिलं, आठवड्यातून दोनदा लाइटच्या पेटीत उभी केली. बोटांवरच्या पांढऱ्यात बारीक काळे ठिपके उगवायला लागले. देवाशपथ सांगते, मी ते ठिपके दर खेपेला मोजायची.

कपाळाचा डाग मात्र हलेना. त्याला ऑपरेशन, शमीम बोलली. मांडीची पातळ कातडी काढून तिथं लावायची. अट एकच, बारा महिने अंगावर कुठंही नवा डाग उठता कामा नये. उठला की परत पहिल्यापासून मोजायचं. मला दुसरं काय नको होतं. ऑपरेशन व्हावं आन् पोरीनं मान वर करून नांदावं.

दोनदा आठ-नऊ महिने झाले आन् नवा डाग उठला. एकदा खांद्यावर, एकदा पोटरीवर. दोन्ही वेळा मी उन्नतीलाच शिव्या घातल्या. तिसऱ्या वेळी आठवा महिना चालू होता, दवाखान्यात लाइट घेऊन ती माझ्याकडे आली, तर चुलीपाशी बसून चोरून सुकट खाताना सापडली. माझं डोकंच फिरलं. हातात उकळत्या आमटीतली पळी होती, तीच तिच्या हातावर ठेवून दिली. "मेले, जिभेपायी सगळं मातीत घालतेस!" रडली न्हाय. हात धुतला, पदर घेतला आन् गेली.

अकरा महिने भरले तसे आम्ही शमीमकडे गेलो. तिनं पाठ उघडी करायला लावली.

"मावशी, इकडे या. बघा."

पाठीवर दोन पांढरे पट्टे, आखल्यासारखे सरळ. एकाच्या टोकाला चौकोन.

"या आजारात कातडीला मार लागला, खरचटलं, भाजलं, की तिथंच नवा डाग उठतो," शमीम बोलली. "हा कमरेच्या पट्ट्याचा मार आहे. हा चौकोन बक्कलचा. उन्नती, कोण मारतं तुला?"

पोर खाली बघत होती. "दारू पिऊन न्हाय मारत," ती बोलली. "शुद्धीत मारतो. अंगावरचे डाग दिसले की मारतो."

शमीम तक्रार, कागद, असं काय काय बोलत होती. माझ्या कानात काय शिरतंय! मी रिक्षात बसली ती नाक्यावरच उतरली.

लूम धडाधडा चालू होते. सागर टेबलाशी चहा पीत होता, कमरेला तोच पट्टा, तेच चौकोनी बक्कल. "आई, तुम्ही इथं कशा?"

"आई नको बोलूस, भाड्या!"

टेबलावर लूमचं शटल पडलं होतं, लाकडाचं, दोन्ही टोकांना लोखंड. ते घेतलं आन् त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला. तो उठला तर दुसरा टोला गुडघ्यावर. त्यानं माझे केस धरून मला भिंतीवर आपटली, पोटात लाथ घातली, माझा दात पडला. सोडते होय मी! खाली पडल्या पडल्या त्याच्या नडगीवर हाणलं, तो कोसळला, मग पाठीत, खांद्यावर, बोटांवर. एक बोट मोडल्याचं मला ऐकू आलं आन् बरं वाटलं. हो, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? "हा खांद्याचा! हा पोटरीचा! हा पाठीचा!" मी ओरडत होती. मुबश्शिर नावाच्या कारागिरानं लूम बंद केले आन् मागून मला मिठी घातली. "अम्मा, छोड़ो, मर जाएगा!" सागर फरशीवर पडून हात जोडत होता. त्याच्या कमरेचा पट्टा मी ओढून काढला आन् घेऊन बाहेर आली.

उन्नती पायरीवर उभी होती. मागच्या रिक्षानं आली असेल. तिनं मला बसवलं आन् पदरानं माझ्या तोंडाचं रक्त पुसायला लागली.

"चल घरी," मी बोलली. "आजपासून नवे बारा महिने मोजू. माझ्याकडे राहा. पोटभर बोंबील खा. तिथं तुझ्या अंगाला कोणी हात लावणार न्हाय."

तिचा हात थांबला. दुसऱ्या हातानं तिनं मनगटावरच्या बांगड्या वर सरकवल्या, पार कोपरापर्यंत. खाली एक डाग होता, गोल, पांढराफटक, पळीच्या तोंडाएवढा.

"हा मी शमीमला दाखवला न्हाय," ती बोलली. "तुझं नाव सांगावं लागलं असतं."

मला पट्टा हातात धरवेना. तो गटारात टाकला.

"आये," ती बोलली, "तुझ्याकडे राहू ना नक्की?"