कुणीच न घातलेला सदरा

मी एक जुना नमुना आहे. हसू नका, मित्रांनो! माणसाला नमुना म्हटले की ती चेष्टा होते. माझी मात्र ती नोकरी आहे. मी सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांसाठी शिवलेला, पाठीवर बांधायचे बंद असलेला निळा सदरा. निविदेसोबत दाखवायला एकच शिवतात, तो मी.

दोन जावांच्या शिवणघरात माझा जन्म झाला. धाकटीने मला कापले, थोरलीने शिवले. बंद तिरके बसले म्हणून तिने मला दोनदा उसवले. दुखले, पण बंद सरळ बसले. शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचे कपडे या दोघीच शिवत. पण डॉक्टर आता निवृत्त होत होते. हे सरकारी काम मिळाले नाही, तर शिवणघराला कुलूप लावायचे ठरले होते.

गेल्या वर्षी त्यांची निविदा पाकीट उघडताच बाद झाली होती. का, ते त्यांना कळलेच नाही. म्हणून यंदा मला पिशवीत घालून दोघी सरकारच्या लघुउद्योग मदत कक्षात गेल्या. तिथल्या बाई लहान धंदेवाल्यांचे अर्ज फुकट तपासून देत. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अनुभवाचा रकाना कोरा का?"

"सरकारी कामाचा अनुभव नाहीच ना आम्हाला," थोरली पुटपुटली. "खोटं कशाला लिहायचं?"

"डॉक्टरांकडे किती वर्षं शिवताय?"

"बावीस."

"मग बावीस वर्षं काय माशा मारल्या? इथं 'अशाच कामाचा अनुभव' म्हटलंय. सरकारी कुठं म्हटलंय? डॉक्टरांचं पत्र आणा आणि जोडा. गेल्या वर्षीही इथंच अडकलं असणार."

धाकटी उसळली. "जाऊबाई, मी तेव्हाच म्हणत होते!"

"तू म्हणत होतीस, शाई बदला."

बाईंना हसू आवरेना. दुसऱ्याच दिवशी पत्र आले, रकाना भरला आणि मी समितीच्या टेबलावर पोहोचलो. तिथे मला ओढले, ताणले, उकळत्या पाण्यात घातले. माझा रंग गेला नाही, एकही टाका सुटला नाही.

काम आम्हालाच मिळाले. आता मंजूर नमुना म्हणून माझ्यावर मोहोर लावायची होती. सही करायला दोघींना बोलावले. थोरली आधी मटकन खुर्चीत बसली. "अहो, जरा पाणी देता का?" तिचे डोळे भरून आले. धाकटी नाक पुसत म्हणाली, "रडायचं तर लांब बसून रडा. मोहोर भिजेल."

इतके हलके मला पुन्हा कधी वाटले नाही.

तेव्हापासून मी समितीच्या या कचेरीतल्या कपाटात आहे. एकाही रुग्णाने मला अंगावर घातले नाही, याची कधी कधी चुटपुट लागते. पण नवे सदरे आले की मला बाहेर काढतात, त्यांच्या शेजारी ठेवून रंग आणि शिवण ताडून पाहतात. शिवणघरात आता सात जणी शिवतात, असे कानावर आले आहे.

मित्रांनो, एकच मागणे आहे. परवा माझे कपाट खिडकीपाशी सरकवले. त्याचे दार नीट लागत नाही आणि दुपारी माझ्या बाहीवर ऊन येते. तुमच्यापैकी कुणी इथे आलेच, तर मला सावलीत ठेवा. माझे काय, मी विटलो तरी चालेल. पण मी फिका पडलो, तर त्या सात जणींचा खरा निळा रंग चुकीचा ठरेल.