रिकामी हाक

सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी उठले. गादीची घडी करून ती भिंतीतल्या कपाटात ठेवली. मिठाच्या पाण्याने तळहात ओले करून भाताचे दोन गोळे वळले. एकात खारवलेला आलुबुखार, दुसऱ्यात आईने इंडोनेशियाहून, आमच्या मादियुन गावाहून, पाठवलेली मिरचीची चटणी. पाच पन्नासला हजेरी. विभागप्रमुख मिझोगुचीसान यांच्यासमोर प्रत्येकाने नळीत फुंकून दाखवायचे, की रात्रीची दारू अंगात उरलेली नाही. मी जन्मात दारू चाखलेली नाही, पण यंत्राला ते कसे ठाऊक असणार? मग मनगटावरची घड्याळे भिंतीवरच्या घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवायची. सहा वाजता कुसाकासान आणि मी रुळांवर उतरलो.

आमचा मार्ग समुद्राला लागून जाणारा, एकेरी. दोन डब्यांच्या चौदा गाड्या दिवसभरात जातात. कुसाकासान अडतीस वर्षे या रुळांची पायी पाहणी करीत होते आणि मे महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांच्या सेवेवर एकही डाग नव्हता. माझी ती तिसावी पाहणी होती. तीस पाहण्या निर्दोष झाल्या की एकटीने पाहणी करण्याचा दाखला मिळतो, आणि त्या दाखल्यावर आणखी तीन वर्षे इथे जपानमध्ये राहता येते. एक जरी चुकली तर मोजणी पुन्हा पहिलीपासून. माझ्या वास्तव्याची मुदत अठरा दिवसांनी संपत होती.

आमची पद्धत साधी आहे. जे तपासायचे त्याकडे हात ताठ करून बोट दाखवायचे, त्याचे नाव मोठ्याने घ्यायचे, आणि सारे जागेवर असेल तर ‘योशी’ म्हणायचे. जोडीदाराने तीच हाक परत द्यायची. आल्या आल्या मला याचे हसू येई. दोन वर्षांत ते हाडात मुरले. झोपेत मी आईच्या स्वयंपाकघरात बोट दाखवीत फिरे. चूल, योशी. मांजर, योशी.

त्या सकाळी समुद्रावरून धुके आले होते. दहा पावलांपुढचे रूळ दिसत नव्हते. मी बोट पुढे करी, आणि बोटाच्या टोकाशी खांब उगवे. नाव घेतले की तो पुरता खांब होई. खडी, योशी. सांधा सतरा, योशी. प्रत्येक सांध्यावर चार नट, आणि प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर उतरलेली एक पांढरी रेघ. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. ती अखंड आहे एवढेच पाहायचे. खाली कुठेतरी लाटा येऊन परतत होत्या आणि आमच्या हाका त्यांच्यात मिसळून जात होत्या. माझा आवाज, मग कुसाकासानचा आवाज, मग पाणी. चालते आहे की तरंगते आहे, कळत नव्हते. आजूबाजूचे जग फक्त आमच्या हाकेपुरते होते, आणि हाक विरली की तेही विरत होते.

“रारासु,” मागून कुसाकासान म्हणाले. लारास हे माझे नाव त्यांच्या जिभेवर असेच उतरते. “जरा हळू ओरड. खालचे मासे हजेरी द्यायला लागलेत.”

“मग त्यांनाही नळीत फुंकायला लावा,” मी म्हणाले.

नऊला पाच मिनिटे कमी असताना आम्ही बोगद्याजवळच्या खोपीत पोहोचलो. कुसाकासाननी किटलीतला चहा ओतला. मी भाताचा गोळा हातात धरूनच पाहणीचा तक्ता भरू लागले. हे मी नेहमी आठवणीतून भरते: डोळे मिटले की एकेक सांधा समोर येतो. एकोणतिसाव्याच्या तिसऱ्या नटावर गंजाचा ठिपका. तिसाव्याच्या पट्टीवर पक्ष्याची विष्ठा. एकतिसावा...

एकतिसाव्याजवळ माझे बोट होते. बोटाच्या टोकावर धुक्याचा थेंब होता. माझा आवाज होता, योशी, आणि पाठोपाठ कुसाकासानचा. नट नव्हते. रेघा नव्हत्या. मी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच बोट, तोच थेंब.

“काय गं, देवाला नैवेद्य दाखवतेस का? खा तो भात.”

“कुसाकासान, एकतिसाव्या सांध्यावर तुम्ही काय पाहिलंत?”

ते चहाचा घोट घेता घेता थांबले. थट्टेने काहीतरी बोलतील असे मला वाटले. मला ते हवेही होते.

“तुझं बोट,” ते म्हणाले.

याला आमच्याकडे रिकामी हाक म्हणतात. बोट असते, आवाज असतो, आणि डोळा दुसरीकडेच असतो. पहिल्याच दिवशी हा शब्द शिकवतात, आणि तो आपल्यासाठी नाही असे प्रत्येकाला वाटते.

“तो सांधा माझ्या हयातीत कधी सुटला नाही,” ते म्हणाले. “आजही नसेल सुटला.”

“हो.”

“नसेलच.” त्यांनी दोन्ही पेले उचलले. “मी हे विसळून आणतो. नळ लांब आहे आणि माझे कान म्हातारे झालेत. तू इथे काय बोललीस, काय नाही, मला ऐकू येणार नाही.”

ते बाहेर गेले. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून आठ मिनिटे झाली होती. पुढची गाडी नऊ सव्वीसला एकतिसाव्या सांध्यावरून जाणार होती, आणि तिथवर चालत जायला चाळीस मिनिटे लागतात. गाडीच्या आधी गुपचूप जाऊन पाहून येण्याची सोय नव्हती. गाडी नऊ सव्वीसला बहुधा नेहमीसारखी निघून गेली असती. मी तक्त्यात खूण केली असती, मिझोगुचीसाननी माझा दाखला दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला असता, मी वाकून तो घेतला असता. हे सारे मला सकाळच्या खांबांसारखे स्पष्ट दिसले: मी नाव घेतले की उगवणारे. फक्त तो सांधा काही केल्या दिसत नव्हता.

मी खोपीतला फोन उचलला.

“मिझोगुची.”

“खोपीतून लारास बोलतेय. एकतिसावा सांधा तपासलेला नाही. नऊ सव्वीसची गाडी हळू सोडावी अशी विनंती आहे.”

“तपासलेला नाही म्हणजे? राहून गेला?”

“नाही. योशी म्हटलं. पाहिलं नाही.”

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. “ही तुझी तिसावी ना?”

“हो.”

“आणि प्रतिसाद कुसाकासाननी दिला?”

“माझ्या हाकेवर विश्वास ठेवून दिला. चूक हाकेत होती.”

मिझोगुचीसानचा आवाज पुन्हा रोजच्यासारखा, कोरडा झाला. “नऊ सव्वीस, ताशी पंधराच्या वेगाने. गाडी पुढे गेली की तुम्हाला रुळांवर उतरायची परवानगी देतो. तोवर थांबा.”

मी फोन ठेवला. तक्त्याकडे पाहिले, तर एकतिसाव्यापुढे मी चुकून खूण करूनच टाकली होती. हाताने ती सवयीने केली असावी. आमच्याकडे खोडरबर चालत नाही. पट्टी ठेवून त्या खुणेवर दोन आडव्या रेघा ओढल्या, आणि खिशातून माझ्या नावाचा शिक्का काढून त्यांच्यावर उमटवला.

कुसाकासान ओले पेले घेऊन दारात उभे होते. त्यांनी तक्ता पाहिला. पेले खाली ठेवले, हात विजारीला पुसले, आणि स्वतःचा शिक्का काढून माझ्या शिक्क्याशेजारी दाबला.

“भात खाऊन घे,” ते म्हणाले. “परत अडीच किलोमीटर चालायचंय.”

मी गोळा खाल्ला. नऊ अडतीसला गाडी अगदी सावकाश बोगद्यात शिरली. फोन वाजला, परवानगी मिळाली. मी हातोडा घेऊन धुक्यात उतरले.