पानावर न दिसणाऱ्या ओळी

ऑरिन हॅस्केटने जन्मात लिहिलं म्हणून काय, तर एकच पान. एकतीस वर्षं त्याने काउंटीचे कच्चे रस्ते सपाट करणारं यंत्र चालवलं. पत्रं त्याची बायको व्हर्लीन लिहायची, ख्रिसमसची कार्डंही तीच. पण दोन हजार तीन साली एस्टाकाडा गावाच्या वरच्या जंगलात, लाकडं वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या पुलाशी त्याने पत्र्याचा एक लष्करी डबा लपवला, जागेचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या, म्हणजे लपवलेले डबे शोधायच्या खेळाच्या साइटवर टाकले आणि खाली त्या पुलाची हकिगत लिहिली. लोक डबा शोधत यायचे, आतल्या वहीत सही करायचे आणि घरी जाऊन त्या पानाखाली दोन शब्द लिहायचे. आजवर साडेसहाशे जण येऊन गेले होते. ऑरिन रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन ते पान उघडायचा, एखादा शब्द बदलायचा, एखादी ओळ ठळक करायचा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या विसरण्याला आजाराचं नाव दिलं, त्यानंतरही हा नेम कधी चुकला नाही.

मार्चमध्ये दोघांच्या मेलवर एका अनोळखी माणसाचा निरोप आला. ‘तुमच्या पानावर सगळ्या मजकुरावर आडवी रेघ आहे. डबा काढून टाकलात का?’

व्हर्लीनने पान उघडून पाहिलं. दुसऱ्या परिच्छेदापासून शेवटपर्यंत अक्षरन् अक्षर खोडलेलं. पुढे सगळं ठळक, मग सगळं मधोमध, आणि ओळी एकमेकींत घुसलेल्या.

“ऑरिन, हे काय केलंस रे?”

“काय केलं? पूल पडला, म्हणून पुलाची ओळ खोडली.”

“पूल पडून अकरा वर्षं झाली.”

“मग बरोबरच आहे की,” ऑरिन म्हणाला आणि टोस्टला जॅम लावू लागला.

व्हर्लीनने ग्रिटा नाइक्विस्टला फोन केला. ग्रिटा पूर्वी गावच्या वाचनालयात होती, आणि ऑरिनइतकीच डब्यांच्या मागे जंगलं तुडवणारी.

“अगं, खुणा उघड्या राहिल्यात, एवढंच,” ग्रिटा म्हणाली. “मजकूर बदलायची चौकट उघड. दोन टोकदार कंसांमध्ये एस दिसतोय का? तिथून खोडायला सुरुवात. संपवायची तर तसाच कंस, पण एसच्या आधी तिरका दांडा. उघडलेलं दार लावायचं, बास. त्याने दार उघडलं आणि गेला निघून.”

“घरातलीही तशीच टाकतो.”

“पुरुषजात! बी म्हणजे ठळक. बीआर म्हणजे नवी ओळ, त्याला दार नसतं. पण आधी सगळा कच्चा मजकूर, खुणांसकट, मला मेल कर. तुझ्या हातून बिघडलं तर परत घालता येईल.”

व्हर्लीनने मेल केला आणि चष्मा पुसून बसली. जेवणाची वेळ टळून गेली तरी उठली नाही. एक दार लावलं की खालच्या चार ओळी मोकळ्या व्हायच्या, आणि दर वेळी तिला लहान पोरीसारखा आनंद व्हायचा. त्या घरात कितीतरी महिन्यांनी काहीतरी दुरुस्त होत होतं.

“आणि हे करड्या अक्षरातलं काय गं?” तिने मध्येच पुन्हा फोन करून विचारलं. “कंस, उद्गारचिन्ह, दोन आडव्या रेघा, आणि मग ओळीच्या ओळी.”

“ते पानावर दिसत नाही. लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेली टिपणं असतात. नको असेल तर उडव, नाहीतर गुंता वाढेल.”

व्हर्लीनने पहिली ओळ वाचली, ‘पुलाचा कठडा तपासणे, २००९.’ उरलेली टिपणं तिने वाचली नाहीत. सगळी निवडली आणि पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी पान आरशासारखं स्वच्छ होतं. ऑरिन कॉफी घेऊन बसला, त्याने मजकूर बदलायची चौकट उघडली आणि वरखाली करू लागला. पुन्हा पुन्हा. मग दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

“कोणी घेतलं?”

“काय कोणी घेतलं?”

“इथे होतं. मी इथेच ठेवलं होतं.”

तिला वाटलं, डब्याबद्दल बोलतोय. त्याचं समाधान व्हावं म्हणून तिने त्याला गाडीत घातलं आणि नदीकाठच्या रस्त्याने वर नेलं. शेवटचा अर्धा मैल ती त्याचा दंड धरून चालली. पुलाचे खांब शेवाळात उभे होते, आणि फरच्या झाडाच्या तिसऱ्या मुळाखाली डबा जिथल्या तिथे होता. तिने तो ओढून काढला, वही उघडून त्याच्यासमोर धरली.

“हा बघ. आहे ना?”

ऑरिनने बघितल्यासारखं केलं. “हे नाही,” तो म्हणाला.

परतताना तो खिडकीबाहेर बघत होता. गावाच्या पाटीशी आल्यावर त्याने घसा खाकरला.

“मला पुढच्या चौकात सोडलंत तरी चालेल, बाई. तुम्हाला उगाच वळसा नको.”

व्हर्लीनने गाडी थांबवली नाही. घरी पोचल्यावर त्याने तिचे रीतसर आभार मानले.

त्यानंतर रोज सकाळी तो काहीतरी शोधत त्या पानात हात घालायचा, आणि दुपारपर्यंत पान मोडलेलं असायचं. कधी सगळी अक्षरं तिरकी, कधी अर्धा मजकूर नाहीसा. तो झोपला की व्हर्लीन दारं लावत बसायची. तिचा हात चांगलाच बसला. तीन आठवडे असे गेले, आणि ह्या तीन आठवड्यांत त्याने तिला एकदाही नावाने हाक मारली नाही. आजार वाढला, असं तिने स्वतःला सांगितलं. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या.

मग एका दुपारी ग्रिटाचा फोन आला. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

“जुने मेल आवरत होते गं. तुझा तो कच्चा मजकूर उघडला. ती करडी टिपणं... तू सगळी वाचली होतीस?”

“पहिली वाचली. कठड्याची.”

“तुला परत पाठवलाय. वाच. मीच म्हटलं होतं उडव म्हणून. मला माफ कर, व्हर्लीन.”

कठड्याच्या खाली अशा ओळी होत्या:

*डावीकडचं दार बाथरूमचं.*

*निळी गोळी सकाळी. घेतली असेल तर दुसऱ्यांदा नाही.*

*भाऊ डेल वारला. त्याला फोन लावायचा नाही.*

*करडी वेणी घालते ती व्हर्लीन. बायको. लग्न १९७४.*

*तिला नाव विचारायचं नाही. मागच्या वेळी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.*

*रोज वाचणे.*

दोन वर्षं व्हर्लीन मनात कुढत होती, की ह्या माणसाला आधी ते पान आणि मग बायको. सकाळी ती समोर उभी असली तरी तो तिच्याकडे बघायचा नाही. पान वाचायचा, मग मान वर करायचा आणि म्हणायचा, “उठलीस का, व्हर्लीन?” रोज न चुकता, नावासकट. त्या नावासाठी तो काय करत होता हे तिला आता कळत होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं.

तिने सगळ्या ओळी परत घातल्या. जशाच्या तशा, स्वल्पविरामही न हलवता. कंस, उद्गारचिन्ह, रेघा. तीनदा तपासलं.

सकाळी तिने कॉफी आणून ठेवली, चौकट उघडून दिली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. ऑरिन ओठ हलवत वाचू लागला. शेवटपर्यंत वाचलं आणि पुन्हा वर गेला.

“हे कोणी लिहिलंय?”

“तूच लिहिलंस, ऑरिन. स्वतःसाठी.”

“छे!” त्याने मान हलवली. “कोणाच्या तरी घरातलं खासगी दिसतंय. असं उघड्यावर टाकू नये. त्या बाईला काय वाटेल?”

“ते पानावर दिसत नाही.”

“दिसत नाही तर ठेवायचं कशाला?”

त्याने ओळींच्या शेवटी बोट ठेवलं आणि एकेक अक्षर मागून पुसायला लागला. इतक्या दिवसांत तिने त्याचा हात एवढा स्थिर पाहिला नव्हता. ‘रोज वाचणे’ गेलं, नळ गेला, लग्नाचं साल गेलं. व्हर्लीनने त्याच्या मनगटाकडे हात नेला होता. तो तिने मागे घेतला. प्रत ग्रिटाकडे होती, तिच्याकडेही होती, शंभर वेळा परत घालता आली असती. पण त्या ओळी ज्याच्यासाठी होत्या, तो त्या ओळखत नव्हता.

ऑरिनने बटण दाबून पान साठवलं आणि समाधानाने मागे रेलला.

“बघा बाई, कसं मोकळं झालं.”

“छान झालंय,” ती म्हणाली.

“तुम्हाला येतं का हे?”

“थोडंसं. आत्ताच शिकले.”

“शिका, शिका. अवघड नाही.”

दुपारी जवळच्या सेलम शहरातल्या एका जोडप्याने पानाखाली लिहिलं, की मजकूर अगदी स्पष्ट आहे आणि त्यांना डबा पहिल्याच फेरीत सापडला. व्हर्लीनने ते ऑरिनला मोठ्याने वाचून दाखवलं.

“पुलापाशी सापडला म्हणतात.”

“असं का?” ऑरिन अदबीने म्हणाला. “कोणता पूल?”

ती त्याला पुलाची हकिगत सांगू लागली, त्याने लिहिली होती त्याच शब्दांत. अर्ध्यावर त्याचा डोळा लागला. तरी ती सांगत राहिली, आणि संपल्यावर भांडी घासायला उठली.