पानाच्या डब्यातले थेंब

मित्रांनो, माझ्या अंगावर चुन्याचे डाग आहेत, माझा एक कोपरा उंदरानं कुरतडलेला आहे, आणि तरीही मी स्वतःला देखणा समजतो. मी फणसाच्या लाकडाचा पानाचा डबा. थायलंडच्या ईशान्य भागात, मेकाँग नदीच्या काठच्या एका गावात मी जन्मलो. एका सुतारानं मला एकाच ओंडक्यातून कोरलं, काळी राळ चोळली आणि सुरीच्या टोकानं चारही बाजूंना नक्षी काढली. त्याच्या भाचीचं, बुआफानचं लग्न होतं. मामाचा हात होता, म्हणून नक्षी जरा जास्तच दाट झाली.

बुआफाननं मला संसारभर मिरवलं. आमच्या गावात पाहुणा आला की पाण्याच्याही आधी पानाचा डबा पुढे सरकतो. झाकण उघडायचं, "घ्या" म्हणायचं, आणि डब्यात जे असेल ते पाहुण्याचं. डबा मिटून बसणाऱ्या बाईला गाव चिकट म्हणतं. माझं झाकण तर कधी नीट बसलंच नाही, इतकं ते उघडं असे. माझ्याभोवती बसून बायकांनी भांडणं मिटवली, सोयरिकी जुळवल्या, आणि जी बाई तेव्हा हजर नसेल तिची यथेच्छ निंदाही केली. ते माझे सोन्याचे दिवस होते.

पुढे दात हलू लागले तेव्हा बुआफाननं पान सोडलं. मला कपाटाखाली सरकवण्यात आलं. माझ्यात बटणं, रबरबँड आणि बंद पडलेलं एक घड्याळ येऊन पडलं. मला फार वाईट वाटलं. मी रुसलोही, पण डब्याच्या रुसण्याकडे कोण बघतं?

वर्षं गेली. बुआफानला नातवंडं झाली. आमच्याकडे आईच्या आईला याय म्हणतात, म्हणून सगळं गाव तिला याय म्हणू लागलं. मग यायला कर्करोग झाला. तालुक्याच्या रुग्णालयात सलाइनमधून औषध चढवायचे. घरी आली की चिकट भाताच्या नुसत्या वासानं तिला मळमळे. वजन अडतीस किलोवर आलं. तरुण डॉक्टर विपा यांनी स्पष्ट सांगितलं, "याय, चाळीसच्या खाली मी पुढचं औषध चढवू शकत नाही. शरीराला झेपणार नाही."

उलटीच्या नेहमीच्या गोळ्या पुरेनात, तेव्हा डॉक्टरांनी एक छोटी बाटली दिली. तिच्यात गांजाच्या झाडापासून काढलेलं औषधी तेल होतं. यायची मुलगी मालिवान हिला त्यांनी तीनतीनदा बजावलं: जेवणाआधी एकच थेंब, जिभेखाली. परिणाम दिसायला तास लागतो, घाई करायची नाही. वाढवायचं असेल तर मला विचारून. थेंब घेतल्यावर उठताना हळू. बाटली दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही.

बाटलीला जागा शोधताना मालिवानला मी सापडलो. तिनं मला पुसलं, बटणं काढून टाकली आणि चुन्याच्या कप्प्यात बाटली उभी केली. मित्रांनो, काय सांगू! नोकरीवर परत बोलावलेल्या म्हाताऱ्या मास्तरांसारखा मी ताठ झालो.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. चौथ्या दिवशी यायनं मूठभर भात माशाच्या रश्श्यात बुडवून खाल्ला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे गं." मालिवान चुलीपाशी रडू लागली. गेल्या दोन महिन्यांत आईनं जेवणाला नावंही ठेवली नव्हती.

आनंद झाला की माणूस गाफील होतो. एका दुपारी मालिवान शेतावर असताना यायची बालमैत्रीण खामपून लंगडत आली. यायनं सवयीनं मला पुढे सरकवलं आणि झाकण उघडलं.

"अगंबाई, पान पुन्हा सुरू केलंस?" खामपून म्हणाली.

"पान कसलं! औषध आहे. एक थेंब घेतला की भूक लागते, ठणकाही कमी होतो."

"मग माझा हा मेला गुडघा?"

"घे की! डबा उघडा ठेवून तुला रिकामी धाडू?"

मी ओरडलो असतो, पण लाकडाला आवाज नसतो. खामपूननं एक थेंब घेतला. दहा मिनिटं गुडघा चाचपला. "हे तर पाणी आहे," म्हणत आणखी तीन घेतले. यायही हसली.

तासाभरानं खामपूननं खांबाला मिठी मारली. "बुआफान, तुझं घर नदीत कुणी सोडलं?" आधी दोघी खिदळल्या. मग खामपून पांढरीफटक पडली. "छाती धडधडतेय गं. फार धडधडतेय."

यायच्या हाका ऐकून मालिवान शेतावरून धावत आली. तिनं दोघींना मोटरसायकलला बाजूनं जोडलेल्या गाडीत बसवलं. यायनं घाबरून मलाच उराशी धरलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

डॉक्टर विपांनी नाडी पाहिली. "खामपून याय, काय खाल्लंत?"

"मासा," खामपून डोळे मिटूनच म्हणाली. "नुसता मासा."

खामपून मैत्रिणीला वाचवत होती. यायनं मला आणखी घट्ट आवळलं. खरं सांगितलं तर बाटली जाईल. बाटली गेली तर भूक जाईल. भूक गेली तर चाळीस किलो कुठून आणायचे? तिला जगायचं होतं, मित्रांनो. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खामपूनच्या पांढऱ्या ओठांकडे. मग माझं झाकण उघडून बाटली टेबलावर ठेवली.

"मासा नाही, डॉक्टर. चार थेंब. मीच दिले. ही ठेवून घ्या, पण हिला बरं करा."

डॉक्टर ताडकन उठल्या. खामपूनला हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, आणि अशा गोळ्यांसोबत हे तेल विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं. रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, दुसऱ्या दिवसापर्यंत तिला नजरेखाली ठेवलं. सकाळी खामपूननं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, "गुडघा अजून दुखतोच आहे." तेव्हा कुठे यायनं श्वास सोडला.

डॉक्टर विपांनी बाटली परत माझ्यात ठेवली. "हे तुमचंच औषध आहे, याय. तुमचं वजन, तुमचा आजार, तुमच्या बाकीच्या गोळ्या बघून मी ते मापलंय. पान वाटता येतं. हे नाही." मालिवाननं त्याच दिवशी मला पितळी कडी आणि कुलूप लावलं. पाहुण्यांसाठी चिंचेच्या गोळ्यांची वेगळी बरणी आली. कुलूपबंद डबा म्हणून प्रथम मला लाज वाटली. मग कळलं, आता मी राखणदार आहे.

तीन आठवड्यांनी वजनाचा दिवस आला. खामपूनही काठी टेकत सोबत आली. याय मला काखेत घेऊन काट्यावर चढली. काटा चाळीसच्या बराच पुढे गेला. तिनं विजयानं मान वर केली.

"याय," डॉक्टर म्हणाल्या, "डबा खाली."

"तो हलका आहे हो!"

"खाली."

"अगं, लंगोटीयारालाही घेऊन चढायचं नसतं," खामपून म्हणाली, आणि तिनं मला ओढून घेतलं. काटा मागे सरकू लागला. यायनं डोळे घट्ट मिटले. काटा थरथरला आणि थांबला.

"चाळीस किलो दोनशे ग्रॅम," डॉक्टर म्हणाल्या. "उद्यापासून पुढचं औषध सुरू."

यायनं काट्यावरच हात वर करून नाचायला सुरुवात केली. काटा बिचारा वेड्यासारखा हलत राहिला. डॉक्टर ओरडल्या, "हळू, याय, पडाल!" आणि स्वतःच हसत सुटल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणासाठी तरी मापून दिलेलं औषध असेल. ते प्रेमानं जपा, कुलपात ठेवा, आणि कितीही जिवलग आला तरी वाटू नका. मदत करायचीच असेल तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, त्याच्या शेजारी बसा, आणि चुकून काही दिलं गेलंच असेल तर ते खरं सांगा.