पायाळूची आई

दिनानाथराव आमच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पालथे पडले होते, आणि भागीरथी माझ्या मुलीला काखेत धरून तिचा पाय त्यांच्या कमरेला लावत होती.

"जरा जोरात," दिनानाथराव सतरंजीत तोंड खुपसून म्हणाले.

"जोरात कशाला? पोर हाय ती, मुसल नाय," भागीरथी म्हणाली.

मीनू खिदळली. दिनानाथराव वरच्या मजल्यावर राहायचे, सरकारी खात्यात ज्युनियर इंजिनिअर होते. उठून शर्ट खाली ओढत ते आतल्या खोलीच्या दाराकडे बघून म्हणाले, "विश्वास वगैरे काही नाही हो वहिनी. पण करून बघायला काय जातं? सुधीरला मात्र बोलू नका, ऑफिसात जगणं मुश्कील करील."

सुधीर, माझा नवरा, त्यांच्याच ऑफिसात होता. मी आतल्या खोलीत पलंगावर टाकलेल्या फळीवर पडून हे सगळं बघत होते. तेव्हा माझं तेच काम होतं. बघणं.

मीनू पायांकडून जन्मली. अशा मुलाला पायाळू म्हणतात, आणि उसण भरलेल्या कमरेला त्याचा पाय लागला की ती सुटते, असा समज आहे. मी बी.एस्सी. झालेली. बाळंतपण कसं झालं हे इथे बेलापूरला आल्यावर कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण एकदा बोलण्याच्या ओघात भागीरथीजवळ निघून गेलं, आणि भागीरथी रोज सकाळी शेजारच्या दिवाळे गावातून मासळीची पाटी घेऊन सगळ्या बिल्डिंगी हिंडणारी. दोन दिवसांत सेक्टरभर झालं.

माझी स्वतःची कंबर गेली ती मीनू आठ महिन्यांची असताना. अंघोळ घालून तिला पाटावरून उचललं आणि पाठीत काहीतरी कळ काढून सरकलं. मीनू हातातून सुटली नाही एवढंच. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून मणक्यांमधली गादी सरकलीय म्हणून सांगितलं. फळीवर झोपायचं, पट्टा बांधायचा, पाण्याच्या तांब्यापेक्षा जड काही उचलायचं नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले.

त्या 'बघू'मध्ये मीनू बसायची ती रांगायला लागली, रांगायची ती चालायला लागली. दुपारी सांभाळायला भागीरथी थांबू लागली. मीनू तिच्या कडेवर बसून खाडीकडचे बगळे बघायची, सुधीरच्या खांद्यावर चढायची, जिन्यात भेटेल त्याच्याकडे हात पसरायची. मी फळीवर पडून तिची उंची दाराच्या कडीपर्यंत मोजायची आणि मला धास्ती वाटायची. मुलं काही कायम उचलायच्या वयाची राहत नाहीत. मी बरी होईन तेव्हा ती दप्तर घेऊन समोर उभी असेल, असं मनात यायचं.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी मिळून तिला शिकवली होती. "आईला बाऊ." सुधीरने शिकवलं, सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी शिकवलं, भागीरथीने तर रोज घोकून घेतलं. मीनू बाहेरून धावत यायची, पलंगापासून हातभर अंतरावर थांबायची, दोन्ही हात पाठीमागे घ्यायची आणि मान हलवून म्हणायची, "आई बाऊ." येणारे-जाणारे म्हणायचे, किती शहाणी मुलगी! मी हसायची.

माझ्या मुलीचा पाय सगळ्या सेक्टरच्या कमरेला लागत होता. माझ्याच तेवढा नाही.

वाशीच्या डॉक्टरणीचं सुधीरच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं. डॉ. सुनीती म्हणून होत्या. सुया टोचून उपचार करायच्या, श्रीलंकेला जाऊन शिकून आल्या होत्या.

"चिनी विद्या आहे," सुधीर म्हणाला. "बासष्टला त्यांनी टोचलं ते पुरलं नाही बहुतेक. बघ, जायचंय का?"

"जायचंय."

"अगं, मी गंमत करतोय. सुया असतात खरंच. लांब."

"जायचंय म्हटलं ना."

बसमध्ये मी दांड्याला धरून उभी राहायची, कारण बसलं की प्रत्येक खड्डा थेट मणक्यात यायचा. दवाखाना म्हणजे तळमजल्यावरच्या फ्लॅटची पुढची खोली. भिंतीवर एका उघड्या माणसाचं चित्र, डोक्यापासून पायापर्यंत त्याच्या अंगावर रेघा आणि रेघांवर ठिपके. पहिल्या दिवशी मी डोळे घट्ट मिटून घेतले, आणि डॉक्टर म्हणाल्या, "झालं की. चार टोचल्या पण." केसासारख्या बारीक सुया. कमरेत, गुडघ्याच्या मागच्या खळीत, घोट्याशी. मग त्या एकेक सुई बोटांत हळूच फिरवायच्या आणि विचारायच्या, "आता काय वाटतं? मुंग्या? जड?" दुखत नव्हतं. पाय कुणीतरी भरून ठेवल्यासारखा जड व्हायचा, आणि त्या जडपणात झोप यायची. शेवटी एक जळती कांडी कमरेजवळ धरायच्या. तिचा वास ओळखीचा वाटला म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "आपल्या दवण्याच्याच जातीतली वनस्पती." बॉटनीची मी, मला आपण होऊन कळायला हवं होतं.

सुधीरने एकदा बोलता बोलता पायाळूचं सांगून टाकलं. तो बाहेर गेल्यावर डॉक्टर हसल्या. "घरी औषध असताना एवढ्या लांब येता होय? कधी पाय लावून घेतलात की नाही?"

"नाही."

"का? पटत नाही म्हणून?"

"तिला माझ्याजवळ येऊ देत नाहीत म्हणून."

त्या सुई फिरवता फिरवता थांबल्या. मग पुन्हा फिरवू लागल्या. त्या दिवशी सुया काढल्यावर जरा वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

सुयांनी म्हणा, एवढ्या महिन्यांच्या विश्रांतीने म्हणा, पायापर्यंत उतरलेली कळ हळूहळू वर सरकत गेली आणि मग एके दिवशी सकाळी मी पलंगावरून उठले तेव्हा ती नव्हतीच. डॉ. सुनीतींनी मला वाकायला लावलं, वळायला लावलं. कोपऱ्यातली पाण्याने भरलेली कळशी उचलायला लावली. "वाकून नाही. खाली बसा, छातीशी घ्या, मग उठा. हां. असं. आता मुलीला उचला. फार वेळ नाही हं, थोडा थोडा."

येताना बसमध्ये मी बसले.

घरी आल्याआल्या, चप्पल काढून, मी जमिनीवरच बसले आणि हात पसरले. "मीनू, ये."

मीनू भागीरथीच्या पायाशी होती. माझ्याकडे धावली, हातभर अंतरावर थांबली, हात मागे घेतले. "आई बाऊ."

"बाऊ गेला. ये, बघ."

तिने वळून भागीरथीकडे बघितलं.

"जा गो," भागीरथी म्हणाली. "जा, आईस हाय ती."

मीनू मागे सरकत सरकत गेली आणि भागीरथीच्या लुगड्याच्या काष्ट्याला धरून उभी राहिली. माझे हात अजून पसरलेलेच होते.

"आपनच शिकवलंय, वैनी," भागीरथी हळू आवाजात म्हणाली. "इसरायला टाइम लागंल. रडू नका, नायतर तिला वाटंल दुखतंय."

म्हणून रडले नाही.

चार-पाच दिवस तेच. खाऊ घ्यायला यायची, हात लांब करून घ्यायची आणि माघारी जायची. मी ओढून घेतलं असतं तर काय केलं असतं तिने? पण ओढून घेतलेलं मला नको होतं.

मग एका दुपारी भागीरथी सुकत घातलेली मासळी गोळा करायला घरी गेली. आम्ही दोघीच होतो. मी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकली आणि दिनानाथराव पडले होते तशी पालथी पडले.

"मीनू," मी म्हणाले. "पाय लाव."

तिला हे काम माहीत होतं. ती आली. माझ्या कमरेजवळ उभी राहिली. मला तिची सावली दिसत होती. बराच वेळ गेला. पाय लागला नाही. सावली हलली, आणि पाहते तो ती माझ्या शेजारी सतरंजीवर, हातभर अंतर सोडून, पालथी पडलेली. गाल जमिनीला टेकवून माझ्याकडे बघत होती.

"मीनूला बाऊ," ती म्हणाली.

"कुठे?"

तिने हात मागे नेऊन स्वतःची इवलीशी पाठ दाखवली.

मी हात पुढे केला आणि तिच्या पाठीवर ठेवला. तिने ठेवू दिला. फ्रॉकखाली तिचा मणका न् मणका माझ्या बोटांना लागत होता. दवाखान्यात डॉक्टर सुई फिरवायच्या तसा मी एका मणक्यावर अंगठा फिरवला, मग खालच्यावर, मग त्याच्या खालच्यावर. "आता काय वाटतं?" मी विचारलं. तिचे डोळे मिटत चालले होते.

ती गाढ झोपली तेव्हा मी उठले. खाली बसले, तिला छातीशी घेतलं, आणि उभी राहिले. कंबर काही बोलली नाही. किती जड झाली होती! मला आठ महिन्यांची मीनू आठवत होती आणि हातांत ही कुणीतरी मोठी मुलगी होती, घामाचा आणि भागीरथीच्या घरच्या सुक्या मासळीचा वास असलेली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. तिला कळत नव्हतं ती कुणाकडे आहे. पलंग चार पावलांवर होता, पण मी खिडकीकडे गेले. तिथून परत दाराकडे.

जिन्यात पाटी उतरवल्याचा आवाज झाला. भागीरथी आत आली, मला बघून तिने लगेच दोन्ही हात पुढे केले. "द्या इकडं. कंबर जाईल परत."

"राहू दे."

बोलण्याने मीनू चाळवली. तिने मान उचलली, अगदी जवळून माझ्या तोंडाकडे बघितलं, मग भागीरथीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"खाली," ती म्हणाली.

"हो, खाली," मी म्हणाले, आणि तशीच उभी राहिले.